पहिल्या संसारातले पेले

नवदांपत्याच्या घराला आशीर्वाद द्यायला जाणे हे धर्मगुरूच्या वाट्याला येणाऱ्या सुखाच्या कामांपैकी एक आहे. मयताच्या घरी जाताना पाऊल जड होते, आजाऱ्याच्या घरी जाताना ते जपून पडते. परंतु नव्या संसाराच्या उंबरठ्यावर ते आपोआप हलके होते. भिंतींना रंगाचा वास येत असतो, पडदे अजून शिवायचे असतात, आहेराची अर्धी खोकी सुतळी न सोडता कोपऱ्यात रचलेली असतात आणि चहा कोणत्या पातेल्यात करायचा यावर स्वयंपाकघरात हळू आवाजात चर्चा चाललेली असते. आम्ही पवित्र पाणी शिंपडतो, प्रार्थना म्हणतो, आणि मग घरात जी एकुलती एक खुर्ची असते ती वयाचा आणि झग्याचा मान म्हणून आम्हाला मिळते. त्या खुर्चीवर बसून संसाराविषयी जे ऐकायला मिळते, ते पुण्याच्या सेमिनरीत काढलेल्या वर्षांत कोणत्याही ग्रंथात आम्हाला सापडले नव्हते.

असाच एक प्रसंग वाचकांना सांगावा असे पुष्कळ दिवस मनात होते. २०२५ साली जोतिबाची चैत्र यात्रा १२ एप्रिलला भरली आणि दुसऱ्याच दिवशी आमचा झावळ्यांचा रविवार आला. हा निव्वळ योगायोग नव्हे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणारा रविवार तो ईस्टरचा, आणि जोतिबाची मोठी यात्रा चैत्री पौर्णिमेची. चंद्र एकच असल्यामुळे पुष्कळ वर्षी हे दोन्ही सण शेजारी शेजारी येऊन बसतात. ईस्टरनंतरच्या रविवारी, २७ एप्रिलला, दुपार कलल्यावर आम्ही त्या डोंगराच्या वाटेला लागलो. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता धरला, की वायव्येला सतरा-अठरा किलोमीटरवर वाडी रत्नागिरीचा हा डोंगर आहे. माथ्यावरचे आजचे मुख्य देवालय राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधले. यात्रा सरून पंधरवडा झाला होता तरी रस्त्याच्या कडेची माती गुलालाने गुलाबी दिसत होती. रविवार हा जोतिबाचा वार. त्यामुळे डोंगर चढणारी आणि उतरणारी माणसे वाटेत सतत भेटत होती. त्यांत नवीन लग्न झालेली जोडपीही होती. लग्नानंतर जोडीने जोतिबाला जाऊन यायचे, ही या मुलखाची रीतच आहे. नव्या नवऱ्याच्या कपाळावर गुलाल, नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा, आणि दोघांच्या चालण्यात अजून थोडा परकेपणा.

आम्हाला ज्यांच्या घरी जायचे होते ते जोडपेही नवीनच होते. मात्र ते आपल्या समाजातले. मुलगा वसईचा, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत नोकरीला. मुलगी आजऱ्याची, कोल्हापुरात परिचारिका. उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी, जानेवारीत, आजऱ्याला त्यांचे लग्न झाले होते. आणि बरेच दिवस घर शोधल्यानंतर डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांचे हे भाड्याचे घर त्यांना मिळाले होते. गच्चीवरून एका अंगाला जोतिबाचा माथा आणि पलीकडे पन्हाळ्याची कड दिसे. घरमालकीण वयस्क, विधवा आणि जोतिबाची निष्ठावंत भक्त. ख्रिस्ती बिऱ्हाड ठेवू नका असे तिला कोणीतरी सुचवले, तेव्हा “त्यांचा बी देव ऐतवारचाच की,” असे उत्तर देऊन तिने तो विषय तिथेच मिटवला होता.

आशीर्वादाचा विधी आटोपला. आम्ही खुर्चीवर बसलो, मुलगा पेटीवर बसला, मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. दोघांच्या चेहऱ्यावर एक न सांगितलेली गोष्ट दिसत होती. शेवटी मुलानेच कोपऱ्यातले एक मोठे खोके पुढे ओढले. “फादर, तुम्हीच काय ते सांगा. हिला हे घरात नको आहे. आणि मला ते परत करता येत नाही, माझ्या मित्रांनी वर्गणी काढून दिलंय.”

खोक्यात पेले होते. चोवीस पेले, सहा जातींचे, प्रत्येक जातीचे चार. मुंबईच्या मित्रांनी लग्नात दिलेला तो ‘बार सेट’ होता. पुठ्ठ्याच्या कप्प्यांतून एकेक पेला काढून मुलाने तो जमिनीवर पसरलेल्या चादरीवर मांडला. पश्चिमेच्या उन्हात सगळी काच लखलखली. खरे सांगायचे तर ते दृश्य सुंदर होते. मुलगी मात्र त्याकडे पाहत नव्हती.

एका जातीबद्दल आम्हाला शंका पडली तेव्हा मुलालाही तिचा उपयोग सांगता येईना. आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामात एक गृहस्थ होते. उमेदीची वर्षे त्यांनी जहाजावर वाढप्याचे काम केले होते आणि निवृत्तीनंतर ते मिस्सेसाठी वेदी सजवायला येत. काचेच्या भांड्यांचे ज्ञान आम्हाला त्यांच्याकडून मिळालेले. ते त्या संध्याकाळी कामी आले. उंच सरळ ग्लास हा सोडा किंवा पाणी घालून प्यायच्या पेयांचा. बुटका, रुंद, जड बुडाचा तो व्हिस्कीचा. बूड जड अशासाठी, की बर्फ आपटला तरी त्याने सोसावे. दांडीवर उभा असलेला फुगीर पेला वाइनचा. दांडी केवळ ऐटीसाठी नसते. हाताच्या उबेने थंड वाइन तापू नये म्हणून दांडीला धरायचे असते, आणि तोंड पोटापेक्षा निमुळते ठेवतात ते सुवास आत कोंडून राहावा म्हणून. उंच, अरुंद पेला शॅम्पेनचा. वरचा पृष्ठभाग लहान, म्हणून बुडबुडे लवकर विरत नाहीत. पसरट त्रिकोणी पेला कॉकटेलचा. आणि अंगठ्याएवढा तो शॉटचा, एका घोटात संपवायचा.

“म्हणजे प्रत्येकाला काही अर्थ आहे,” मुलगा उत्साहाने म्हणाला. “अर्थ आहे,” आम्ही म्हणालो, “पण प्रत्येक अर्थाला तुमच्या फडताळात जागा आहे काय, हा प्रश्न निराळा.”

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. “फादर, जागेचा प्रश्न नाही. माझे पप्पा दारूनं गेले. आमच्या घरी दारू काचेच्या ग्लासात कधी आलीच नाही. स्टीलच्या पेल्यात यायची. आतलं कोणाला दिसू नये म्हणून. ते गेले त्या दिवशी बायकांनी मम्मीच्या बांगड्या फोडल्या. पेला तसाच राहिला. अजून आहे. मम्मी त्यात पाणी पिते.”

खोलीत शांतता पसरली. हिरव्या चुड्याची चाल हिंदू भगिनींप्रमाणे गोव्याकडून आलेल्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही आहे, आणि पती निधन पावल्यावर तो चुडा फोडण्याची निष्ठुर चालही कित्येक ठिकाणी तिच्याबरोबर आलेली आहे. याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद केल्या. त्या गावच्या ग्रामस्थांपुढे आम्ही धर्मगुरूंनी नम्र व्हावे असे ते काम आहे; कारण आपल्या स्वतःच्या माणसांत ही चाल चालू असताना आपण व्यासपीठावरून तिच्याविषयी फारसे बोललेलो नाही. पण त्या घटकेला आमच्यासमोर जी मुलगी उभी होती तिला ठराव नको होता. ज्या घरात बांगड्या फुटतात आणि पेला शाबूत राहतो, तसे घर तिला पुन्हा नको होते.

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. देता आले नाही. कारण मद्याच्या पेल्याविषयी उपदेश करण्याआधी आमच्या स्वतःच्या हातातला एक पेला आम्हाला आठवला. ती गोष्ट या पानांवर लिहिताना संकोच वाटतो. परंतु ती वगळून पुढचे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, एका बारशाच्या जेवणाला आम्ही गेलो होतो. यजमानांनी आग्रह केला आणि आम्ही व्हिस्कीचा एक लहान पेग घेतला. यात वावगे काही आहे असे तेव्हा वाटले नाही; आपल्या समाजात पाहुण्याला पेला देणे हा आदर आहे आणि तो नाकारणे म्हणजे यजमानाचा अवमान, असेच आम्ही लहानपणापासून पाहिलेले. मांडवात सगळ्यांच्या हातात काचेचे ग्लास होते. यजमानाच्या थोरल्या भावाच्या हातात मात्र स्टीलचे फुलपात्र होते आणि त्यात पाणी होते. चेष्टा सुरू झाली. कोणीतरी म्हणाले, “अरे, फादर घेतात, तुला काय झालं?” सगळे हसले. आम्हीही हसलो. त्या गृहस्थाने फुलपात्र खाली ठेवले आणि ग्लास उचलला. त्याची पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. तिची नजर नवऱ्याकडे नव्हती. ती आमच्या हातातल्या ग्लासाकडे होती. तो गृहस्थ तीन महिने दारूला शिवला नव्हता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. पुढे दोन वर्षांनी त्याच्या दफनविधीची प्रार्थना आम्हीच म्हटली.

त्याच्या मृत्यूला आमचा एक पेग कारण झाला असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या पत्नीनेही तसे कधी म्हटले नाही. व्यसन हा आजार आहे आणि त्याची पाळेमुळे खोल असतात, हे आम्ही नंतर शिकलो. अनिल आणि अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केल्यापासून महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांनी तेच शिकून घेतले आहे. तरीसुद्धा त्या दुपारचा एक तपशील आमच्या मनातून जात नाही. त्या माणसाला उघडे पाडले ते फुलपात्राने. सगळ्यांच्या हातात एक भांडे आणि त्याच्या एकट्याच्या हातात दुसरे. त्याच्याही हातात तसाच ग्लास असता आणि त्यात लिंबूपाणी असते, तर कोणाचे लक्षही गेले नसते.

ही गोष्ट आम्ही त्या दोघांना सांगितली. सांगून झाल्यावर मुलगी चौकटीपासून पुढे आली आणि चादरीच्या कडेला बसली. मग आम्ही तिघांनी मिळून त्या पेल्यांचा विचार केला.

काच ही वस्तू मुळात गरीब आहे. वाळू, सोडा आणि चुना यांचा तापून झालेला रस, याहून तिच्यात काही नाही. आपल्या मराठी मुलखाने तिच्यासाठी कष्ट उपसलेले आहेत. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या ‘पैसा फंडा’तून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि कराडजवळ त्यांच्या नावाची ओगलेवाडी वसली. तिथला ‘प्रभाकर’ कंदील कोल्हापूर-साताऱ्याच्या घराघरांत जळला. वीज आली, कंदील विझला, तो कारखानाही आता उरला नाही. परंतु आमच्या आजोळच्या माडीवर त्या कंदिलाची काच राखेने पुसताना आजीने सांगितलेले एक वाक्य आम्हाला आठवते: काच स्वच्छ हवी, कारण ती खोटे बोलत नाही.

हे वाक्य आम्ही त्या मुलीला सांगितले. “बाळ, तुझ्या घरात ज्या भांड्याने घात केला ते काचेचे नव्हते. आत काय आहे आणि किती आहे हे जे लपवते त्या भांड्याने घात केला. काचेचा गुण असा, की तिच्यात काही लपत नाही.” वेदीवरही हेच दिसते. २५ मार्च २००४ रोजी रोमहून निघालेल्या सूचनापत्राने मिस्सेच्या चषकासाठी काच, माती अशा सहज फुटणाऱ्या वस्तू वापरायला मनाई केली. प्रभूच्या रक्ताचे पात्र तुटता कामा नये हा त्यामागचा आदर. पण द्राक्षारसाची आणि पाण्याची अशा दोन कुप्या मात्र बहुधा काचेच्याच असतात. कारण साधे आहे: कशात काय आहे ते वेदीवरच्या सेवकाला एका दृष्टीत कळले पाहिजे.

मुलाने मग सरळच विचारले, “फादर, आपल्या धर्मात तर द्राक्षारस निषिद्ध नाही ना? काना गावी प्रभूनेच तो दिला.” प्रश्न रास्त होता. योहानाच्या शुभवर्तमानात सहा दगडी रांजणांचा उल्लेख आहे आणि आजच्या मापाने त्यांत मिळून पाचशे लिटरांहून अधिक पाणी मावले असावे. प्रभूने कंजूषपणा केला नाही हे खरेच. परंतु ते रांजण कशासाठी होते? हातपाय धुऊन शुद्ध होण्यासाठी. त्या लग्नघरात आधी पाण्याची भांडी होती. चमत्कार नंतर आला. आणि तिथे प्रभूने केलेले काम एका यजमानाला लाजेपासून वाचवण्याचे होते. ज्या पेल्यामुळे एखाद्या पाहुण्याला लाज वाटते, तो पेला कानाच्या लग्नाचा वारस होऊ शकत नाही. आपल्याच कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएली बांधव शब्बाथाच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत करीत आले आहेत. द्राक्षवेलीचा मान राहिला आणि नशेचा प्रश्नही उरला नाही. आपल्याकडे तासगावचा बेदाणा आहे. मनात आणले तर हे आपल्यालाही अवघड नाही.

मग आम्ही प्रत्यक्ष निवडीकडे वळलो. ज्या नवदांपत्यांना हा प्रश्न पुढे पडणार आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून त्या संध्याकाळी जे ठरले ते इथे क्रमाने सांगतो.

पहिला मान पाण्याच्या भांड्याचा. तांब्या आणि सहा फुलपात्रे घरात असल्याशिवाय दुसरा पेला विकत घेऊ नये. दुसरे, साध्या काचेचे, सरळ बाजूंचे, अडीचशे ते तीनशे मिलिलिटर मावणारे सहा ग्लास. त्यांत कोकम सरबत देता येते, सोलकढी देता येते, ताक देता येते, आणि घरात बीअर वा आणखी काही यायचे असेल तर तेही त्यातच देता येते. सर्वांना एकच ग्लास; म्हणजे कोण काय पितो आणि कोण पीत नाही याची मांडवात जाहीर वाच्यता होत नाही. सरळ बाजूंचाच का, यालाही कारण आहे. अर्धा ग्लास म्हणजे किती हे सरळ भांड्यात डोळ्यांना कळते. वळणदार भांड्यात कळत नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की वळणदार ग्लासात बीअर घेणाऱ्यांच्या मानाने सरळ ग्लासात घेणाऱ्यांना ती संपवायला सुमारे साठ टक्के अधिक वेळ लागला.

तिसरे, घरात वाइन घ्यायची असे दोघांचे एकमत असेल तरच, दांडीचे चार पेले. आणि तेही लहान. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१७ साली इंग्लंडमधल्या तीनशे वर्षांच्या वाइनच्या पेल्यांची मोजणी प्रसिद्ध केली. १७०० च्या सुमारास पेल्यात सरासरी ६६ मिलिलिटर मावत. २०१६-१७ मध्ये ४४९. पेला सातपट वाढला, मनुष्याचे यकृत होते तेवढेच राहिले. दोनशे मिलिलिटरचा पेला घेऊन तो निम्माच भरला तर पाहुणचारात काही उणे पडत नाही.

चौथे, तीस मिलिलिटरचे माप. लहान पेग म्हणजे तीस, मोठा म्हणजे साठ. ‘अंदाजाने’ ओतणारा हात दर वर्षी उदार होत जातो, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे. ज्या घरात दारू येते त्या घरात हे माप कोणत्याही नक्षीदार पेल्याहून अधिक आवश्यक आहे. आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे, की आरोग्याला पूर्णतः निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा मापाने निर्धोकपणा मिळत नाही. आपण किती घेतले हे स्वतःपासून लपत नाही, एवढेच.

त्रिकोणी पेला, शॅम्पेनचा उभट पेला आणि शॉटचा अंगठा यांची पहिल्या घराला काहीही गरज नाही. एका घोटात संपवण्यासाठी घडवलेल्या भांड्यावर तर आमचा विशेष राग आहे. ज्याची चव घ्यायला दोन क्षण थांबायचेही नाही, ते प्यायचे कशासाठी? आणखी एक सावधगिरी: जुन्या शिसेयुक्त क्रिस्टलची सुरई कोणी आहेरात दिलीच, तर ती शोभेला ठेवावी; तिच्यात मद्य दिवसेंदिवस भरून ठेवू नये, कारण काचेतले शिसे त्यात उतरते.

एवढे सांगून आम्ही थांबलो. घरात दारू आणावी की आणू नये हे आम्ही सांगितले नाही. कायद्याने आमच्या राज्यात मद्यप्राशनाला परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ती तरतूद पुष्कळांच्या विस्मरणात गेली असली तरी पुस्तकात आहे. पण संसारातला परवाना त्याहून कठीण असतो. तो एकमेकांकडून मागावा लागतो, आणि ‘नाही’ आले तर रुसू नये लागते.

मुलाने बराच वेळ जमिनीकडे पाहिले. मग तो बायकोला म्हणाला, “एक वर्ष काहीच आणू नको. वर्षानंतर बघू.” ती म्हणाली, “तुझ्या मित्रांना काय सांगशील?” तो म्हणाला, “सांगेन, फादरांनी ग्लास जप्त केले.” तिघेही हसलो. आम्ही त्यावर म्हणालो, की आमचे नाव खुशाल पुढे करावे. आणि वर्षभर त्यांच्या घरीच नव्हे तर कोणत्याही घरी आम्हीही पेला हातात घेणार नाही. व्रत म्हणून नव्हे. वीस वर्षांपूर्वीचे देणे म्हणून.

इतक्यात जिन्यावर पावले वाजली. घरमालकीण डोंगरावरून परतली होती. अनवाणी, कपाळभर गुलाल, हातात खोबऱ्याची वाटी. आमच्याकडे पाहून तिने हात जोडले आणि मुलीला म्हणाली, “पोरी, पाणी दे की आधी. डोंगर उतरून आलोय, घशाला कोरड पडलीया.” मुलगी उठली. फुलपात्रे अजून खोक्यात होती, ती शोधायला वेळ नव्हता. तिने चादरीवरचा एक उंच सरळ ग्लास उचलला, विसळला, माठातल्या पाण्याने काठोकाठ भरला आणि म्हातारीच्या हातात दिला. म्हातारीने तो उन्हाकडे धरून पाहिला. “ग्लास झ्याक हाय,” ती म्हणाली, आणि एका दमात प्याली. मग खोबऱ्याचा तुकडा तिने आम्हालाही दिला. पाणी मागणाऱ्याला पाणी देणे म्हणजे काय, हे प्रभूने पुष्कळ ठिकाणी सांगितले आहे. त्या दिवशी आम्ही ते काचेतून पाहिले.

चोवीस पेल्यांपैकी चार सरळ ग्लास घरात राहिले. तसलेच दोन मुलाने नंतर महाद्वार रोडवरून आणून सहा पुरे केले. दांडीचे चार पेले वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले. शॅम्पेनचे चार उभट पेले आम्हाला मिळाले. चर्चच्या आवारातल्या पवित्र मातेच्या गुहेत आता त्यांत निशिगंधाच्या काड्या असतात. बाकीचे एका ओळखीच्या हॉटेलवाल्याने नेले.

नाताळात आम्ही पुन्हा तिकडे गेलो. सहापैकी पाचच ग्लास उरले होते. मुंबईचे मित्र नोव्हेंबरमध्ये येऊन गेले होते, आणि ती संध्याकाळ सुरळीत पार पडली नव्हती. कोकम सरबत समोर आले तेव्हा एक जण नाराज झाला, बोलाचाली झाली, आणि त्या गडबडीत एक ग्लास फरशीवर पडला. मुलाने ते आम्हाला हसत सांगितले, परंतु त्याला लागले होते हे दिसत होते. “मित्र फोन करत नाही, फादर,” तो म्हणाला. मुलगी काही बोलली नाही. तिने आमच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि त्याच्यासमोरही ठेवला, आणि आणखी एक भरून खाली घरमालकिणीला द्यायला निघून गेली.

त्यांनी ठरवलेले वर्ष अजून सरायचे होते. ते सरल्यावर काय करायचे यावर त्यांचे बोलणे चालू आहे, असे मुलाने जाताना सांगितले. बोलणे चालू आहे, हे ऐकून आम्हाला बरे वाटले.